तोरा-सान अठ्ठेचाळीस वेळा घरी येतो

माझा मामा उभी हयात सिनेमाच्या वितरणात होता. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या दाटीवाटीने असायच्या. त्यातल्या एका कचेरीत तो आधी हिशेब लिहायचा, पुढे बुकिंग बघायला लागला. मी सिनेमांचं संकलन करते. एखाद्या सिनेमाचे पुढचे भाग कुठवर काढत राहावेत, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. वाद जुनाच आहे, पण मध्यंतरी त्यात एक जपानी फेरीवाला येऊन बसला आणि बोलण्याला वेगळीच दिशा मिळाली. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते.

मामा : मला तुझा प्रश्नच कळत नाही. लोक तिकीट काढतायत ना? मग निघू दे पुढचा भाग. लोक यायचे बंद झाले की निर्माता आपसूक थांबेल. त्याला कुणी सांगायला नको.

मी : लोक यायचे बंद होईपर्यंत मूळ सिनेमाची रया गेलेली असते, त्याचं काय?

मामा : मूळ सिनेमा जिथल्या तिथे असतो. 'जॉज'चे चार भाग निघाले म्हणून स्पीलबर्गच्या १९७५च्या 'जॉज'मधली एक फ्रेम तरी कमी झाली का? तू संकलक आहेस, तूच सांग.

मी : फ्रेम कमी होत नाही, पण शेवटाचा अर्थ बदलतो. १९९१चा 'टर्मिनेटर २' आठव. सारा कॉनर आणि तिचा मुलगा जॉन जिवाच्या आकांताने धावतात ते कशासाठी? यंत्रं माणसांवर उलटणार तो दिवस टळावा म्हणून. शेवटी त्यांना वाचवायला आलेला यंत्रमानव वितळलेल्या पोलादात उतरतो, कारण त्याच्या डोक्यातली चिपसुद्धा मागे राहायला नको. तोवर तो त्या पोराला बापाच्या जागी झालेला असतो. बुडता बुडता अंगठा वर करतो. तो दिवस टळला तो या किमतीवर, हे आपण मनाशी धरून थिएटरबाहेर पडतो. मग २००३ साली तिसरा भाग येतो आणि सांगतो की दिवस टळलाच नव्हता, नुसता पुढे गेला होता. २०१९च्या 'डार्क फेट'मध्ये तर सुरुवातीलाच जॉनला गोळ्या घालून मारतात. ज्याला वाचवायला दोन सिनेमे खर्ची पडले, त्याला! आता मी पुन्हा दुसरा भाग लावला तर तो अंगठा मला पूर्वीसारखा दिसेल का?

मामा : दार दिग्दर्शक कॅमेरूननेच उघडं ठेवलं होतं. तूच मला सांगितलंस, त्याने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता. म्हातारी सारा बागेत बसलीय, सगळं सुखरूप आहे. तो काढला आणि रात्रीचा रस्ता ठेवला. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, असा.

मी : रस्ता मोकळा ठेवणं वेगळं आणि घडलेलं पुसून टाकणं वेगळं. मोकळ्या रस्त्यावर प्रेक्षक आपल्या मनाने पुढे चालत जातो. २०१५ आणि २०१९ मध्ये तर आधीच्या भागांतलं बरंचसं घडलंच नाही असं धरून पुन्हा सुरुवात केली. नवा सिनेमा उभा करायला आधीचा पाडावा लागत असेल तर तिथे थांबावं. माझं म्हणणं एवढंच आहे.

असं काही बोललं की मामा उठून कपाटातली फाइल काढतो. जुन्या डीसीआरची, म्हणजे थिएटरच्या रोजच्या वसुलीच्या कागदांची. पातळ कागद, त्यावर कार्बनची निळी, थोडी पसरलेली अक्षरं. वर थिएटरचं नाव आणि तारीख, डावीकडे खेळांच्या वेळा, मग स्टॉल किती, बाल्कनी किती, त्यातून करमणूक कर वजा, थिएटरचं भाडं वजा, आणि सगळ्यात खाली वितरकाचा शेअर. रात्री शेवटचा खेळ सुटला की हा कागद भरला जायचा.

मामा : हे बघ. नवा सिनेमा, नवी नावं. सोमवारी मॅटिनीला बाल्कनीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. एक तिकीट नाही. तरी ऑपरेटरने खेळ चालवला, डोअरकीपर दारात उभा राहिला, कॅन्टीनवाल्याने तेल तापवलं. बाहेर सायकलस्टँडवाला बसला होता तो वेगळाच. असे चार आठवडे गेले की थिएटरवाला फोन करून विचारायचा, साहेब, ओळखीचं काही आहे का? ओळखीच्या नावाला ओपनिंग असतं. गोष्ट समजावून सांगत बसावं लागत नाही. आणि हे जुनंच आहे असं समजू नकोस. २०२२मध्ये हिंदी सिनेमे एकामागून एक पडत होते, थिएटरवाले हवालदिल झाले होते. नोव्हेंबरात 'दृश्यम २' आला आणि माणसं परत आली.

मी : 'दृश्यम २'वर माझा आक्षेप नाही.

मामा : का नाही? तोही पुढचा भागच.

मी : निशिकांत कामतने हिंदीत केलेला पहिला भाग जिथे संपतो ते आठव. प्रेत पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली पुरलेलं आहे. गोव्यातला तो केबलवाला सुटलाय, पण त्याच्या बायको-पोरींना यापुढे दारावरची थाप ऐकली तरी धडकी भरणार आहे. तो हिशेब मिटलेला नव्हता. दुसऱ्या भागाने तो पुढे चालवला, पहिल्यातलं काही खोटं पाडलं नाही.

मामा : आणि आपला 'मुंबई-पुणे-मुंबई'?

मी : तिथे मात्र मला चुटपुट लागते. २०१०चा पहिला भाग म्हणजे पुण्यातला एक दिवस, तो आणि ती. दोघांना नावंसुद्धा नव्हती. त्यामुळे ती जोडी कुणाचीही होऊ शकत होती. दुसऱ्या भागात ती गौतम आणि गौरी झाली, लग्नाच्या तयारीला लागली, घरची माणसं आली. तिसऱ्यात मूल. सतीश राजवाडेने ते नेटकं केलं, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. पण पहिल्या भागाची जी जादू होती, ती पुढचं ठाऊक नसण्यात होती.

मामा : तुला जादू हवी, मला माणसं हवीत. लग्न ठरलेली पोरं तो दुसरा भाग जोडीने बघायला गेली. त्यांना पहिल्यातलं गूढ नको होतं, आपल्यासारखंच कुणीतरी लग्नाच्या तोंडावर घाबरलेलं बघायचं होतं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. प्रेक्षक पात्राकडे गोष्टीसाठी जातो की सोबतीसाठी, हा प्रश्न मामाने माझ्यापुढे टाकला तो असा. आणि सोबतीचा विषय निघाला की तोरा-सानपाशी यावंच लागतं.

माझी एक मैत्रीण तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहते. तिथे आपली मराठी माणसं बरीच आहेत. शेजारच्या कात्सुशिका भागात शिबामाता नावाची जुनी वस्ती आहे, आणि तिथल्या स्टेशनबाहेर एका माणसाचा पुतळा आहे. डोक्यावर हॅट, हातात पेटी, निघता निघता मागे वळून बघणारा. हा तोरा-सान, जत्रांमधून माल विकत फिरणारा फेरीवाला. मैत्रिणीने त्याच्या सिनेमांच्या डिस्का पाठवल्या. इंग्रजी उपशीर्षकं वाचताना मामाचे डोळे दुखतात, तरी त्याने त्यातले बहुतेक पाहिले.

१९६९पासून १९९५पर्यंत शोचिकू या स्टुडिओने या माणसाचे अठ्ठेचाळीस सिनेमे काढले. कियोशी आत्सुमी हा एकच नट, आणि दोन वगळता सगळ्यांचा दिग्दर्शक योजी यामादा. बरीच वर्षं सालाला दोन सिनेमे निघत, एक ऑगस्टात आणि एक नव्या वर्षाच्या सुट्टीला धरून. गोष्ट दर वेळी तीच. तोरा गावोगाव हिंडून शिबामाताला काका-काकूंच्या गोड पदार्थांच्या दुकानात परततो, भांडतो, कुणा बाईच्या प्रेमात पडतो, जमत नाही, पुन्हा पेटी उचलतो. बहीण साकुरा त्याला निरोप देते.

मामा : ऐक. पंधराव्या भागात खरबुजाचा प्रसंग आहे. घरी कुणी तरी भारी खरबूज भेट दिलंय. तोरा बाहेर गेलाय. सगळे बसून फोडी करतात आणि मोजताना त्याला धरायचं विसरतात. तेवढ्यात तो दारात. एकेक जण आपली फोड लपवायला बघतो, कुणी अर्धी खाल्लेली पुढे करतो. चाळीस-पंचेचाळीसचा बाप्या एका फोडीसाठी घर डोक्यावर घेतो. हसू येतं, पण त्या माणसाला खरोखर लागलंय हे दिसतं. आपण या घरात मोजले जात नाही, हे त्याला कळलेलं असतं. आता मला सांग, हा प्रसंग पहिल्याच सिनेमात असता तर इतका लागला असता? चौदा वेळा तो त्या दारातून आत आलाय, चौदा वेळा गेलाय, म्हणून लागतो. ही कमाई पुढच्या भागांची आहे.

मी : मान्य आहे. पण ही गोष्ट मुळात शेवटावर उभी नाही. टर्मिनेटर शेवटाकडे धावतो. तोरा परत येतो. जिथे परत येणं हीच गोष्ट असते तिथे अठ्ठेचाळीस काय, साठही चालतील.

मामा : तसं बघितलं तर शेवट त्यालाही दिलाच होता. आधी ही टीव्हीवरची मालिका होती, १९६८-६९ची. तिच्या शेवटच्या भागात यामादाने त्याला मारला. आमामी बेटावर साप चावून. लोक इतके खवळले की तक्रारींचा पाऊस पडला, आणि त्याच वर्षी यामादाला त्याला पडद्यावर जिवंत करावं लागलं. म्हणजे घडलेलं पुसून टाकणं इथेही झालंच की! तुझ्या नियमाने पहिला तोरा-सान निघालाच नसता.

(मामाचा हा मुद्दा मला सगळ्यात बळकट वाटतो. लेखकाने दिलेला शेवट प्रेक्षकांनी नाकारला आणि त्या नकारातून सव्वीस वर्षं टिकलेलं काही जन्मलं. शेवट देणाऱ्याला नेहमीच जास्त कळतं, असं मी त्यानंतर म्हणत नाही.)

मी : बरं. पण शेवटच्या काही भागांकडे ये. आत्सुमी आजारी होता, कर्करोग होता. तू आधीचे भाग पाहिलेस, तो कसा रस्त्यावर उभा राहून घशाच्या शिरा ताणून माल विकतो ते पाहिलंस. शेवटी शेवटी तो बसलेला असतो, बोलणं थोडं, चेहरा उतरलेला. बेचाळिसाव्या भागापासून गोष्टीचा भार साकुराच्या मुलावर, मित्सुओवर सरकवत नेला. नव्या वर्षाला तोरा-सान हवाच, म्हणून तो उभा राहत होता. १९९५च्या डिसेंबरात अठ्ठेचाळिसावा लागला, पुढच्या ऑगस्टात माणूस गेला. कुणीतरी आधी थांबवायला हवं होतं असं तुला वाटत नाही?

मामा : (बराच वेळ गप्प राहून) वाटतं आणि नाहीही वाटत. आमच्या धंद्यात मी असे लोक पाहिलेत. डॉक्टरने घरी बसवलेला ऑपरेटर शुक्रवारी केबिनमध्ये येऊन बसायचा. मशीनचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हती. आत्सुमीला काय हवं होतं ते तू आणि मी ठरवणारे कोण? तू थकलेला चेहरा बघतेस. मला त्या अठ्ठेचाळिसाव्यात तोरा आणि लिली दिसतात. ती गाणारी बाई, खरबुजाच्या प्रसंगात त्याला खडसावते तीच. १९७३ साली पहिल्यांदा भेटली होती. बावीस वर्षांनी दोघं एका घरात राहतायत, आणि ते घर आमामीच्या बेटांवर आहे. टीव्हीवर जिथे त्याला मारलं, तिथेच यामादाने त्याला सावली दिली. आधी थांबले असते तर हे कुठून मिळालं असतं?

मी : आणि त्याची किंमत एका आजारी माणसाने दिली.

मामा : हो. दिली. ती मी नाकारत नाही.

इथे आमचं बोलणं थोडं थबकलं. मग मामाने विषय मित्सुओकडे नेला, आणि त्या बाबतीत मात्र आमचं एकमत आहे. हा मुलगा पहिल्याच सिनेमात जन्मतो. १९८१पासून हिदेताका योशिओका हा पोरगा त्याचं काम करतो आणि पडद्यावरच मोठा होतो. २०१९मध्ये यामादाने पन्नासावा भाग काढला, तेव्हा मित्सुओ लेखक आहे, बायको वारलेली, शाळेत जाणारी मुलगी आहे. दुकानाचं आता कॅफे झालंय, मागची खोली मात्र तीच. त्या खोलीत म्हातारी साकुरा बसलेली दिसते, आणि एका कटने आपण तरण्या साकुराकडे जातो. चिएको बाइशो हीच दोन्हीकडे. केस पांढरे करून, सुरकुत्या चिकटवून हे साधत नाही. माझ्या धंद्यात दोन तुकड्यांमध्ये काळ दाखवायला आम्ही नाना खटपटी करतो. इथे दोन तुकड्यांमध्ये खरीखुरी पन्नास वर्षं आहेत. लांबलेल्या मालिकेने सिनेमाला दिलेली ही देणगी आहे आणि ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

मामा : मग त्या पन्नासाव्यात मेलेला नट दाखवलाच की. ते तुला चाललं?

मी : चाललं, कारण त्याच्या तोंडी एकही नवा शब्द घातला नाही. जुन्याच सिनेमांतले तुकडे स्वच्छ करून मित्सुओच्या आठवणी म्हणून लावले. २०१६च्या 'रोग वन'मध्ये पीटर कुशिंगचा चेहरा संगणकावर घडवून दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर बसवला. कुशिंग १९९४ सालीच गेलेला. वारसांची परवानगी होती. पण त्याने न केलेला अभिनय त्याच्या नावावर जमा झाला. एखादी मालिका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब चालवायची असेल तर दुसरा नट घ्या. बाँडने घेतले, १९६२पासून सहा जण झाले, कुणाचं बिघडलं नाही.

मामा : गॉडझिलाला तर नटाचाही प्रश्न नाही. १९५४पासून चाललाय. मधले कित्येक भाग पोरकट होते, तुझ्यासारख्या कुणी तरी सातव्या-आठव्याला बंद पाडला असता. मग २०२३चा 'गॉडझिला मायनस वन' कुठून आला असता? जवळजवळ सत्तर वर्षांनी त्या मालिकेला पहिलं ऑस्कर मिळालं, आणि सिनेमा परत युद्धात हरलेल्या माणसांचा झाला, पहिल्यासारखा.

मी : मधे ते थांबले होते, मामा. १९७५नंतर नऊ वर्षं एकही नाही. २००४नंतर जपानमध्ये बारा वर्षं नाही. जमीन पड ठेवतात तसं ठेवलं, म्हणून पुन्हा पीक आलं.

मामा : म्हणजे थांबवायचं नाही, विसावा द्यायचा.

मी : गॉडझिलाला विसावा. टर्मिनेटरला पूर्णविराम. आणि काहींना पूर्णविराम कागदावर लिहून घ्यावा लागतो. 'बॅक टू द फ्यूचर'चे तीन भाग झाल्यावर दिग्दर्शक झेमेकिस आणि लेखक बॉब गेल यांनी चौथ्याला नकार दिला. करारात त्यांचा शब्द चालतो म्हणून तो नकार टिकला. बाकीच्यांचे हक्क स्टुडिओकडे असतात, मग लेखकाने कितीही म्हटलं तरी पुढचा भाग दुसरा कुणी लिहितो. लोकांना हवं म्हणून पुढचे भाग निघतात असं तू म्हणतोस ना? लोकांना विचारण्याआधी तारीख ठरलेली असते. दिवाळीचा शुक्रवार धरलेला असतो, मग त्या शुक्रवारात कोंबायला गोष्ट शोधतात.

मामा : तारीख धरल्याशिवाय थिएटर मिळत नाही, बाई. शोचिकूनेही नव्या वर्षाची तारीख धरलीच होती. आत्सुमी गेला त्या वर्षी ती रिकामी ठेवली असेल का त्यांनी? मला नाही वाटत.

मी : नाही ठेवली. पण तोराच्या जागी दुसरा नटही उभा केला नाही. यामादाने त्या तारखेला नवाच सिनेमा दिला. तोशियुकी निशिदा नायक, सोबत साकुरा आणि मित्सुओचं काम करणारे तेच दोघं नट, पण वेगळ्या भूमिकांत. तोकुशिमा भागातल्या छोट्या गावात एक माणूस थिएटर चालवतोय, प्रेक्षक येत नाहीत, तरी आवडीचे सिनेमे लावत राहतो. सिनेमा आत्सुमीच्या आठवणीला वाहिलेला आहे. थिएटरांना नव्या वर्षाचा खेळ मिळाला, माणसांना काम मिळालं आणि तोराची भूमिका दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. तुझ्या फाइलीतल्या त्या रिकाम्या रकान्याची सोय अशीही करता येते.

मामा : थिएटरवाल्यावर सिनेमा? हा मला आधी का नाही सांगितलास? त्याचा पुढचा भाग निघाला असेलच.

मी : निघाला. पुढच्याच वर्षी, १९९७च्या डिसेंबरात.

मामा : आणि तिसरा?

मी : तिसरा नाही.

मामा : का नाही, ते शोधून काढ. लोक आले नाहीत म्हणून थांबला असेल तर माझं खरं. लोक येत असूनही यामादा थांबला असेल, तर पुढच्या वेळी मी ऐकून घेईन.

ते मी अजून शोधते आहे.